झड लागण्याआधी: संत्र्याच्या पानाफळांत बुरशी शिरते कशी आणि तिला अडवायचं कुठे

श्रावणातली झड चार-चार दिवस उघडत नाही. पाचव्या दिवशी जरा उजेड पडला की आपण बगिच्यात जातो आणि झाडाखाली आंबियाची, म्हणजे हिवाळा सरताना फुललेल्या बहाराची, हिरवी फळं पडलेली दिसतात. त्यातलं एक उचलून पाहा. जमिनीकडच्या बाजूला रुपयाएवढा, दुधाच्या चहासारख्या रंगाचा डाग असतो. बोटानं दाबलं तर साल पिचत नाही, चामड्यासारखी टणक लागते. नाकाजवळ नेलं की उग्र, आंबूस वास येतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की पुन्हा विसरत नाही. मग वर पाहा. खालच्या फांद्यांची कोवळी पानं टोकाकडून गरम पाण्यात बुडवून काढल्यासारखी झालेली असतात, काही काळी पडून लोंबत असतात. शेंड्याकडे मात्र झाड हिरवंगार.

त्याच दिवशी आपण औषधाचं दुकान गाठतो. मीही गाठत असे. तिथून मिळालेलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मी दोन हंगाम या डागावर मारलं आणि दोन्ही हंगामांत फळं पडतच राहिली. औषधात खोट नव्हती. ते ज्या बुरशीवर चालतं, ती ही बुरशीच नव्हती. शिवाय मी फवारत होतो तेव्हा फळाच्या आत जे व्हायचं ते आठवडाभर आधीच होऊन गेलं होतं.

काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या विदर्भातल्या संत्रा पट्ट्यात दर पावसाळ्यात यामुळे किती फळ मातीत जातं हे बागायतदारांना सांगायला नको. आज दिसणारा डाग आजचा नसतो, म्हणून फवारणीची तारीख डाग पाहून ठरवायची नाही, पाऊस पाहून ठरवायची. आणि प्रत्येक बुरशीची आत शिरायची वाट वेगळी असते. ती वाट कळली तर कुलूप कुठे लावायचं ते कळतं.

पाण्यातून पोहत येणारी: फायटोप्थोरा

वर वर्णन केलेला डाग म्हणजे फायटोप्थोरामुळे होणारी तपकिरी कुज. डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) आणि मूळकुज याच घराण्यातली. बोलताना आपण हिला बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ हिला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. नातं पाहिलं तर ती शेवाळाच्या जवळची. खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत मुख्यतः कायटिनची असते, हिची सेल्युलोजची. हा फरक नुसता पुस्तकी नाही, कार्बेन्डाझिम आणि थायोफिनेट मिथाईल हिच्यावर चालत नाहीत त्याचं मूळ या वेगळेपणात आहे. द्राक्षावरचा केवडा आणि बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा हे हिचेच भाऊबंद.

उन्हाळाभर ती जमिनीत आणि कुजक्या मुळांत जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात पडून राहते. मातीला ओल आली, हवा पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास असली की ती जागी होते आणि पिशव्या धरते. सूक्ष्मदर्शकाखाली या पिशव्या अगदी लिंबाच्या आकाराच्या दिसतात. त्यांना पावसाचं जरा गार पाणी लागलं की पिशवी फुटते आणि आतून शेपटीवाले बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात आणि ते खरोखर पोहतात. पानावर किंवा फळावर पाण्याचा नुसता पातळ पापुद्रा असला तरी त्यांना तेवढं तळं पुरतं.

आता थेंबाकडे लक्ष द्या. पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटतो, चिखलाचे शिंतोडे उडतात आणि त्यांच्याबरोबर हे बीजाणू खालच्या फांद्यांवर जाऊन बसतात. म्हणून पहिले डाग नेहमी जमिनीपासून दोन-तीन फुटांच्या आत दिसतात आणि फळाच्या जमिनीकडच्या बाजूलाच दिसतात. बीजाणू जागेवर बसला की शेपट्या टाकतो, स्वतःभोवती कवच करतो, अंकुर काढतो आणि सालीत घुसतो. यासाठी त्याला सलग ओल हवी असते. दोन तासांची सर पडून कडक ऊन पडलं तर बहुतेक बीजाणू वाळून मरतात. पण रात्रंदिवस झड असली आणि फळ अठरा-वीस तास ओलंच राहिलं, तर ते आत शिरलेच असं समजा. त्यानंतर काही दिवस फळ बाहेरून ठणठणीत दिसतं. डाग मागून येतो.

यातही दोन जाती आहेत. एक मुख्यतः जमिनीतच राहते आणि शिंतोडा जाईल तेवढीच वर चढते. दुसरी, पाल्मिव्होरा नावाची, सडलेल्या फळाच्या अंगावरच नव्या पिशव्या धरते. मग तिला मातीची गरज उरत नाही. फांदीला लटकलेलं एक सडकं फळ वारा-पावसात आसपासच्या फळांना लागण देतं आणि रोग झाडाच्या मध्यापर्यंत चढतो. खालची चार फळं तोडायचा आळस केला की आठ दिवसांत वरची पन्नास का जातात, ते यावरून कळेल.

देठाशी दबा धरून बसणारी: कोलेटोट्रायकम आणि डिप्लोडिया

या खऱ्या बुरशी. यांचं घर म्हणजे झाडावरची सल, म्हणजे वाळलेलं लाकूड. वाळलेल्या काटक्यांवर बारीक काळे ठिपके दिसतात, तिथे बीजाणू तयार होतात आणि पावसाच्या ओघळाबरोबर खाली येतात. ओघळ थांबतो कुठे? फळाच्या देठाशी, टोपीखाली, जिथे पाणी साचून राहतं. कोलेटोट्रायकमचा बीजाणू तिथे रुजतो, गोचिडासारखी पक्की पकड घेतो आणि मग गप्प बसतो. महिना-महिना गप्प बसतो. झाडाला ताण बसला, मुळं पाण्यात गुदमरली, अन्न कमी पडलं आणि फळ देठाशी सुटायला लागलं की हा आत सरकतो. देठाची टोपी तपकिरी-काळी पडते, डाग देठाकडून खाली उतरतो आणि फळ गळतं.

म्हणजे या फळगळीत बुरशी एकटी दोषी नसते. पाणी साचलेल्या भारी काळ्या जमिनीत, पांढरी मुळी मेलेल्या झाडावर ती जास्त दिसते. वरून कितीही फवारा मारला आणि खाली चर नसला तर गळ थांबत नाही. हे मी शेजाऱ्यांच्या आणि माझ्या बगिच्यात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पानाच्या खालून शिरणारी: तेलकट डाग

डाळिंबाचा तेल्या वेगळा. तो जिवाणूचा रोग आहे. संत्र्याच्या पानावरचा हा तेलकट डाग, ज्याला ग्रीजी स्पॉट म्हणतात, तो बुरशीचा. तिचे बीजाणू झाडाखालच्या गळून कुजणाऱ्या पानांतून हवेत उडतात आणि वरच्या पानांच्या खालच्या बाजूला चिकटतात. ही बुरशी लगेच आत जात नाही. दमट रात्रींत ती पानाच्या पाठीवर पसरत राहते आणि पर्णरंध्रं शोधते. संत्र्याच्या पानाची पर्णरंध्रं खालच्याच बाजूला असतात, तिथून ती आत जाते. डाग दिसायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. आधी वरून पिवळसर ठिपका, खालून जरा फुगीर, मग तपकिरी-काळा, ग्रीसचं बोट लागल्यासारखा. पावसाळ्यात लागण होते आणि हिवाळ्यात पानं गळतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध आपल्या लक्षातच येत नाही. हिच्यासाठी फवारा पानाच्या पाठीला लागला नाही तर औषध वाया जातं, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

कोळशी मात्र आत शिरतच नाही. काळी माशी आणि तिची पिल्लं पानावर गोड चिकटा सोडतात, त्यावर ही काळी बुरशी वाढते. ओल्या फडक्यानं पुसली तर निघते आणि खालचं पान हिरवं असतं. इथे बुरशीनाशक मारून उपयोग नाही, माशीचा बंदोबस्त करावा लागतो. लिंबावरचा खैऱ्या हा जिवाणूचा, त्यालाही यातली बरीच औषधं लागू नाहीत.

पायरी पहिली: पडलेलं फळ वाचायला शिका

झाडाखालची दहा ताजी फळं उचला, जुनी काळी पडलेली नकोत. एकेक हातात घेऊन हलकं दाबा. बारीक छिद्रातून रसाची चिळकांडी उडाली तर ते रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. छिद्राभोवती कुज असली तरी ती मागून आलेली आहे. अळी निघाली तर फळमाशी. डाग नाही, छिद्र नाही, टोपी स्वच्छ आहे आणि फळ नुसतं पिवळं पडून सुटलं आहे, तर अन्नपाण्याचा किंवा ताणाचा प्रश्न. टोपी काळी आणि डाग देठाकडून, तर कोलेटोट्रायकम किंवा डिप्लोडिया. डाग बाजूला किंवा बुडाला, टणक, उग्र वासाचा, तर फायटोप्थोरा.

शंका राहिली तर घरीच एक परीक्षा करता येते. फळ पाण्यानं धुवा, ओल्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि सावलीत ठेवा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत उघडून पाहा. डागावर पांढरी, नाजूक, कापसाच्या विरळ तंतूंसारखी वाढ दिसली तर फायटोप्थोरा. गुलाबी-नारिंगी चिकट ठिपके उमटले तर कोलेटोट्रायकम. राखाडी होऊन पुढे काळी पडणारी वाढ डिप्लोडियाची. हिरवी किंवा निळी भुकटी उठली तर पेनिसिलियम, म्हणजे फळाला कुठेतरी जखम होती. तीन दिवसांहून जास्त ठेवू नका, मग सगळ्याच बुरशी त्यावर चढतात आणि काही कळत नाही.

या परीक्षेनं माझी दोन वर्षांची चूक एका दिवसात कळली. मी सहा पिशव्या बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाचांत पांढरा कापूस होता.

पक्कं निदान हवं असेल तर झाडाच्या पसाऱ्याखालची, मुळ्यांसकट थोडी ओली माती आणि एक-दोन ताजी फळं घेऊन नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. माती वाळवून नेऊ नका.

पायरी दुसरी: मृगाआधी जमीन आणि झाड तयार करणं

खरी लढाई इथे आहे, आणि नेमकी इथेच आपण मजूर मिळत नाहीत म्हणून हात आखडता घेतो.

चर आधी. उताराच्या दिशेनं दर दोन ओळींनंतर सव्वा ते दीड फूट खोल चर काढा आणि त्याचं तोंड शेताबाहेर काढून द्या. तोंड बंद असलेला चर म्हणजे लांबट डबकं. चर बरोबर झाला की नाही हे पहिल्या मोठ्या पावसानंतर छत्री घेऊन जाऊन पाहावं. पाणी कुठे अडतं हे घरी बसून कळत नाही.

मग खालच्या फांद्या. जमिनीला टेकलेल्या आणि दोन-अडीच फुटांच्या आत लोंबणाऱ्या फांद्या छाटा. चार फळं कमी लागतील म्हणून हात अडतो, पण पहिली लागण तिथेच होते. शिंतोड्याला झेपेल अशा उंचीवर पान-फळच ठेवलं नाही तर फायटोप्थोराची शिडीच काढून घेतली.

सल काढताना नुसती वाळकी काटकी मोडायची नाही. जिवंत लाकडात इंचभर आत जाऊन कात्रीनं कापायची. बुरशी वाळक्या आणि ओल्या लाकडाच्या सीमेवरच असते. छाटलेली सल धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवू नका, बीजाणू तिथूनही येतात. जाळा किंवा दूर नेऊन पुरा. सल काढून झाली की त्याच दोन-तीन दिवसांत कार्बेन्डाझिम एक ग्रॅम प्रति लिटर पाणी असा एक फवारा द्या. इथे हे औषध आपल्या जागी आहे.

झाडाखालची माती पावसाळ्यात पूर्ण उघडी ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. वखरून चकचकीत केलेला बगीचा पाहायला छान दिसतो, पण उघड्या मातीवरून सगळ्यात जास्त शिंतोडे उडतात. गवत कापून बुटकं ठेवा किंवा कुटाराचा, वाळलेल्या गवताचा थर पसरा. फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. बुंध्याला टेकलेला ओला पाला म्हणजे डिंक्याला आमंत्रण.

आळं दुहेरी करा, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहतं आणि बुंध्याला लागत नाही. ठिबक असेल तर नळ्या बुंध्यापासून दूर, पसाऱ्याच्या कडेकडे सरकवा. कलमाचा डोळा, म्हणजे खुंट आणि संत्र्याचा जोड, मातीखाली गेला असेल तर माती आजच ओढून काढा. वरची संत्र्याची साल या रोगाला फार कोवळी आहे. खालचा खुंट जंबेरीचा असेल तर त्याच्या मुळांनाही हा रोग लवकर धरतो, रंगपूर लाईम त्यामानानं तग धरते. नवी लागवड करणाऱ्यानं पन्हेरीतून (रोपवाटिकेतून) झाड घेताना डोळा जमिनीपासून किमान नऊ इंच वर आहे ना, हे टेप लावून पाहावं आणि एखाद्या पिशवीची माती झटकून मुळी पाहावी. तपकिरी, साल सुटून नुसता दोरा उरलेली मुळी दिसली तर तो सगळा वाफा सोडून द्यावा. रोग आपल्या शेतात बहुतेक वेळा पन्हेरीतून येतो.

पायरी तिसरी: बोर्डो स्वतःच्या हातानं

गोष्ट फ्रान्सची आहे. बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचं निळं क्षार) आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा येत नाही हे पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं हेरलं आणि १८८५ मध्ये मिश्रणाची कृती जाहीर केली. केवडा आणि आपली तपकिरी कुज एकाच घराण्यातली, त्यामुळे ते मिश्रण इथेही लागू पडतं, आणि आजही हे स्वस्तातलं औषध आहे.

एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी लागतं. मोरचूद पोत्याच्या तुकड्यात बांधून आदल्या रात्री प्लास्टिकच्या ड्रममध्ये पन्नास लिटर पाण्यात लोंबकळत ठेवा. तळाला टाकला तर सकाळपर्यंत विरघळत नाही. लोखंडी किंवा जस्ताचं भांडं अजिबात नको. चुना दुसऱ्या ड्रममध्ये आधी थोड्या पाण्यात फोडा, तो उकळी फुटल्यासारखा तापतो, म्हणून तोंड लांब ठेवा. पूर्ण गार झाला की पाणी पन्नास लिटर करा आणि गाळून घ्या. गरम चुन्यात मोरचूद ओतलं तर मिश्रण फाटतं. मग दोघांनी दोन्ही बादल्या एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतायच्या आणि तिसऱ्यानं लाकडी काठीनं ढवळत राहायचं. रंग स्वच्छ आकाशी यायला हवा. हिरवट झाला तर काहीतरी चुकलं.

आता घासलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, पानं जळतील. चुन्याचं पाणी थोडं थोडं घाला आणि विळा पुन्हा बुडवा. पातं जसंच्या तसं निघालं की मिश्रण तयार. हा विळा मी दरवेळी बुडवतो, चुना कितीही चांगला असो. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, रात्रभर ठेवलं तर त्याची चिकटण्याची ताकद जाते.

बुंध्यासाठी मलम घट्ट करायचं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, फक्त दहा लिटर पाणी. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशनं सगळीकडून लावा, एकदा मृगाआधी आणि एकदा पावसाळा सरल्यावर. डिंक असेल तिथे आधी सडलेली साल चाकूनं निरोगी भागापर्यंत खरवडा, खरवड खाली पडू न देता गोळा करा, जखम पुसा आणि मग मलम लावा.

पायरी चौथी: फवारा पावसाच्या आधी

तांब्याचं कोणतंही औषध बाहेरून कवच घालतं, आत शिरलेल्या बुरशीला ते काही करू शकत नाही. म्हणून पहिला बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड तीन ग्रॅम प्रति लिटर हा जुलैच्या अखेरीला, मोठी झड लागण्याआधी, उघडीप मिळेल त्या सकाळी. हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर येतो. तीन-चार दिवस सलग पाऊस सांगितला असेल तर आजचा दिवस गमवू नका. झाडं कोरडी असताना मारा, म्हणजे थर वाळून बसेल.

झड होऊन गेली आणि खाली फळं दिसू लागली, तर उघडीप मिळताच आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं औषध हवं. फोसेटिल एएल अडीच ग्रॅम प्रति लिटर, किंवा मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब हे संयुक्त औषध अडीच ग्रॅम प्रति लिटर. डबा घेताना त्यावर संत्र्याचा किंवा लिंबूवर्गीय पिकाचा उल्लेख, मात्रा आणि फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस वाचून घ्या, शिफारशी बदलत असतात. दोन गोष्टींत चूक होऊ देऊ नका. फोसेटिल कधीही तांब्यात मिसळायचं नाही आणि तांब्याचा ताजा थर असलेल्या झाडावरही मारायचं नाही. ते आम्लधर्मी आहे, तांबं मोकळं करतं आणि पानाफळांवर भाजल्याचे डाग पडतात. आणि मेटॅलॅक्झिल हंगामात दोनदांपेक्षा जास्त नको. फायटोप्थोरा त्याला लवकर सरावते, मग ते कोणाच्याच बगिच्यात चालत नाही.

देठाकडून कुज आहे असं परीक्षेत निघालं असेल, तर कार्बेन्डाझिम किंवा थायोफिनेट मिथाईल एक ग्रॅम प्रति लिटर. आंबियाच्या गळीसाठी शंभर लिटर पाण्यात दीड ग्रॅम जिबरेलिक अॅसिड (वाढीचं संजीवक) आणि एक किलो युरिया ही प्रचलित शिफारस आहे. जिबरेलिकची शुद्ध भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. याच कामाला टू-फोर-डी सुद्धा सांगतात, पण आपल्याकडे बगिच्याला लागून कापूस असतो आणि कापसाला त्याचा वाराही सोसत नाही, पानं बेडकाच्या पंजासारखी होतात. शेजाऱ्याचं वर्ष बुडवण्यापेक्षा जिबरेलिक घ्यावं.

औषध बरोबर असूनही गुण येत नाही याचं निम्मं कारण फवारणाऱ्याच्या हातात असतं. माझ्या पूर्ण वाढलेल्या झाडाला आठ ते दहा लिटर लागतात, म्हणजे दोनशे लिटरचा ड्रम वीस-पंचवीस झाडांना. चाळीस झाडं झाली तर आत काही पोचलेलं नाही असं समजा. गन आधी झाडाच्या पोटात घालून खालून वर मारायची, म्हणजे पानाची पाठ भिजते, मग बाहेरून. आणि शेवटी झाडाखालच्या जमिनीवर एक हात, कारण फायटोप्थोरा तिथूनच उडणार आहे. तोंडाला मास्क, हातात मोजे, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून उभं राहायचं नाही. हे मजुरालाही द्यायचं, नुसतं स्वतःला नाही.

जैविक औषधांवर माझा विश्वास आहे, पण त्यांची जागा जमिनीत आहे. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) झाडाला शंभर ग्रॅम, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना. जमिनीत तांबं किंवा बुरशीनाशक ओतलं असेल तर त्यानंतर पंधरा-वीस दिवस जाऊ द्यावे, नाहीतर आपलंच औषध आपल्या ट्रायकोडर्माला मारतं.

पायरी पाचवी: वेचणी

ऑगस्ट-सप्टेंबरात एक दिवसाआड झाडाखालची फळं वेचा आणि झाडावर लटकलेली डागाळ फळंही तोडा. काम कंटाळवाणं आहे, पण एकही पैशाचं औषध न लागता पाल्मिव्होराची साखळी तुटते ती इथेच. वेचलेली फळं धुऱ्यावर किंवा नाल्यात टाकायची नाहीत. नाल्याच्या पाण्यातून हे बीजाणू खालच्या शेतात जातात आणि तेच पाणी कोणीतरी मोटर लावून आपल्या आळ्यात सोडतो. बगिच्याबाहेर दोन-तीन फूट खोल खड्डा करा, प्रत्येक थरावर चुना आणि माती टाका.

तोडणीच्या वेळी

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला तर व्यापारी घाई करतो. तरीही दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. ओलं फळ तोडून क्रेट भरला की आत लपलेली तपकिरी कुज गाडीत बाहेर येते, एका फळाची चार होतात, आणि बाजारात गेलेला माल परत आला की नुकसान आपल्याच माथी बसतं. फळ ओढून तोडू नका, देठाशी साल निघते आणि ती जखम म्हणजे हिरव्या बुरशीला उघडं दार. कात्रीनं टोपीसकट तोडा, देठ अगदी बुडापासून कापा, नाहीतर तो टोकदार देठ क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो. जमिनीला टेकलेली आणि फूटभर उंचीच्या आतली फळं वेगळ्या टोपल्यात ठेवा, लांबच्या बाजाराला पाठवू नका.

तोडणीच्या आदल्या आठवड्यात पाऊस झाला असेल तर मी बगिच्याच्या चारही कोपऱ्यांतून खालच्या फांद्यांची पाच-पाच फळं तोडतो, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशव्या बांधतो आणि घरी ओसरीवर ठेवतो. तीन दिवसांनी उघडतो. वीसपैकी एकदोनांवरही तो पांढरा कापूस दिसला, तर त्या कोपऱ्याचा माल गावाजवळच्या बाजारात विकतो. लांबच्या गाडीत बाकीचेच क्रेट चढतात.